खाणीची आंबट माती आणि तिथली झाडं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जून जवळ आला की आमच्या दांडिया बाजारच्या घरी फोन सुरू होतात. कधी महिला मंडळ, कधी कॉलेजची मुलं, कधी निवृत्त मंडळींचा ग्रुप, एखाद वेळी खाणीवरचा सुपरवायझरही. सगळ्यांना झाडं लावायची असतात, आणि अलीकडे बऱ्याच जणांना ती बडोद्यात नव्हे, तर राजपारडी, शिवराजपूर किंवा छोटा उदेपूरच्या बाजूला, खोदून टाकलेल्या जमिनीवर लावायची असतात. मी सयाजीराव विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकले आणि पुढची बावीस वर्षं माती तपासण्यात गेली. प्रश्न तेच तेच येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवते आहे.

माती आंबट आहे, म्हणजे नेमकं काय?

मातीतल्या पाण्याचा सामू, म्हणजे pH, ७ च्या खाली असला की ती आम्लधर्मी, म्हणजे बोलीभाषेत आंबट. इकडचे गुजराती शेतकरी तिला ‘खाटी जमीन’ म्हणतात. सामूची मोजपट्टी साधी नसते. सामू ६ वरून ५ वर आला तर आंबटपणा दहापट वाढतो, ४ वर आला तर शंभरपट. म्हणून ‘पाच आणि साडेचार, असा काय मोठा फरक?’ असं कोणी म्हणालं की मी त्यांना थांबवते. मुळांसाठी तो फार मोठा फरक आहे.

बहुतेक पिकं आणि झाडं सामू ६ ते ७.५ मध्ये सुखी असतात. थोडा आंबटपणा हा काही दोष नाही. कोकणातल्या जांभ्या जमिनी आंबटच असतात, तरी तिथे काजू आणि आंबा होतो. चहाला तर साडेचार ते साडेपाचच हवा. खाणीवरचा प्रश्न वेगळा आहे. तिथे सामू ३ पर्यंत उतरू शकतो, आणि तो तिथेच थांबेल याची खात्री नसते.

मग आपल्या बडोद्याची माती आंबट आहे का?

नाही. कर्जण-डभोईकडची कानमची काळी माती आणि आणंदच्या बाजूची गोराडू, म्हणजे वाळूमिश्रित पोयटा, दोन्ही उदासीन किंवा किंचित अल्कधर्मी. माझ्यासमोर आलेल्या शहरातल्या बागांच्या नमुन्यांत सामू बहुतेक वेळा साडेसात ते साडेआठच्या मध्ये निघाला. त्यामुळे कुठेतरी वाचून आपल्या कुंडीत मूठ मूठ चुना टाकू नका. आधीच जास्त असलेला सामू आणखी चढतो, लोह मिळेनासं होतं आणि जास्वंदीची नवी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात.

वरची माती चांगली, तर खाणीत आंबटपणा येतो कुठून?

खालून. लिग्नाइट म्हणजे कच्चा, तपकिरी कोळसा. राजपारडीचा लिग्नाइट किंवा सुरत जिल्ह्यातल्या वस्तानचा लिग्नाइट पाच कोटी वर्षांहून जुना आहे. तेव्हा तिथे समुद्रकाठची दलदल होती. समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट, कुजणारा पाचोळा आणि चिखलातलं लोह यांच्यातून, हवा न लागता, पायराइट तयार झालं. पायराइट म्हणजे लोह आणि गंधकाचं सोनेरी चमकणारं खनिज. जमिनीखाली, हवेपासून दूर, ते कोट्यवधी वर्षं निमूट पडून राहिलं.

आपण खणतो तेव्हा लिग्नाइटपर्यंत पोचण्यासाठी वरचे थर काढून बाजूला ढीग घालतो. खाणीवर त्याला ओव्हरबर्डन किंवा नुसतं ‘ओबी’ म्हणतात. त्या ढिगात पायराइटला पहिल्यांदाच हवा आणि पावसाचं पाणी मिळतं, आणि त्यातून गंधकाम्ल बनायला लागतं, म्हणजे बॅटरीत असतं तेच ॲसिड. सुरुवात हळू असते. सामू ४ च्या खाली उतरला की ॲसिडिथायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्स नावाचे जिवाणू कामाला लागतात. लोहाचं रूप बदलून ते जगतात आणि ही क्रिया कितीतरी पटींनी वेगवान करतात. तिथून आंबटपणाच आणखी आंबटपणा वाढवत जातो.

पावसाळ्यात अशा ढिगाच्या पायथ्याशी नारिंगी पाणी साचलेलं दिसतं. तो रंग लोहाचा. लोक म्हणतात गेरू असेल. गेरू नाही, ढीग ॲसिड सोडतो आहे त्याची ती खूण आहे.

म्हणजे प्रत्येक खाणीची माती आंबट होते?

अजिबात नाही, आणि सरसकट उपाय करणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावं. छोटा उदेपूरकडे डोलोमाइटच्या खाणी आहेत. डोलोमाइट हा चुनखडीच्या जातीचा दगड, तो स्वतःच आम्ल मारतो. आंबाडुंगरचा फ्लोराइट ज्या खडकात सापडतो तो कार्बोनेटाइट, म्हणजे चुनखडीसारख्या कार्बोनेटांनी भरलेला, तिथेही आंबटपणाची भीती नाही. शिवराजपूर आणि पाणीमाइन्सच्या जुन्या मँगनीज खाणी जुन्या मंडळींना आठवत असतील, चांपानेर रोडहून तिथे छोटी गाडी जायची. अशा ढिगांवर अडचण असते ती दगडगोटे, पाणी न धरणं, सेंद्रिय कर्ब जवळपास शून्य असणं आणि मँगनीज जास्त असणं यांची. ओरसंगची वाळू उपसली त्या काठावर तर प्रश्न मातीच उरली नाही हा आहे.

कोळशातही फरक आहे. झरिया, कोरबा हा गोंडवाना कोळसा गोड्या पाण्याच्या दलदलीत बनला, म्हणून त्यात गंधक कमी. आसाम-मेघालयातला कोळसा समुद्राच्या सान्निध्यात बनला, त्यात गंधक भरपूर, आणि जैंतिया टेकड्यांतले ओढे त्यामुळेच आंबट झाले.

आंबट मातीत झाडाला नेमकं होतं काय?

बहुतेकांना वाटतं ॲसिड झाडाला ‘जाळतं’. सामू ४ च्या खाली ते खरंही आहे, मुळांच्या पेशींना थेट इजा होते. पण त्याच्या बऱ्याच आधी, पाच-साडेपाचच्या खाली, खरा मारेकरी असतो ॲल्युमिनियम. तो सगळ्याच मातीत असतो, चिकणमातीच्या कणांत बांधलेला. सामू उतरला की तो विरघळून पाण्यात येतो आणि मुळाच्या टोकावर बसतो. टोकाची वाढ थांबते. रोप उपटून बघा: मुळं आखूड, जाड, तपकिरी, पोवळ्याच्या फांद्यांसारखी ठिसूळ, केसासारखी बारीक मुळं नाहीतच. असं रोप आषाढ-श्रावणात छान हिरवं दिसतं, कारण पाणी वरच असतं. दिवाळीनंतर पाणी खाली जातं, मुळं मात्र मागे जाऊ शकत नाहीत, आणि रोप तहानेनं मरतं. लावणारे म्हणतात, ‘पाणी कमी पडलं.’ टँकर लावतात. मूळ वाढतच नसेल तर टँकरचं पाणी किती दिवस पुरणार?

स्फुरदाचंही (फॉस्फरसचंही) तसंच होतं. तुम्ही सुपर फॉस्फेट टाकता, पण लोह आणि ॲल्युमिनियम त्याला पकडून ठेवतात. मातीत आहे, पण झाडाला नाही. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पावसाबरोबर धुऊन जातात. मॉलिब्डेनम मिळेनासं होतं, मँगनीज जास्त मिळायला लागतं.

आणि मला ज्याचं सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते म्हणजे मातीतलं जिवंतपण जातं. शेंगवर्गीय झाडांच्या मुळांवर रायझोबियमच्या गाठी येतात, हवेतला नत्र त्याच झाडाला मिळवून देतात. खाणीच्या नापीक ढिगावर फुकट मिळणारं खत ते हेच. आंबट मातीत हे जिवाणू तग धरत नाहीत, गाठी होत नाहीत किंवा रिकाम्या होतात. गाठ नखाने फोडून बघा. आतून गुलाबी असेल तर ती काम करते आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही.

झाड बघून आंबटपणा ओळखता येतो का?

अंदाज येतो, निदान होत नाही. जुनी पानं जांभळट झाली तर स्फुरद कमी, पानांवर तपकिरी ठिपके आणि कडा मुडपलेल्या तर मँगनीज जास्त असू शकतं. खात्रीची खूण जमिनीवरच असते: फिक्या पिवळ्या रंगाची पापुद्र्यासारखी पूड, बहुतेकदा जॅरोसाइट हे लोह-गंधकाचं खनिज. ती दिसली की तिथला सामू ४ च्या खाली गेला असं धरा.

आम्ही सामू मोजला, ६.८ आला. मग लावायला हरकत नाही ना?

या प्रश्नाचं उत्तर देताना मी आजही सावध होते, कारण एकदा ‘हरकत नाही’ असं मीच सांगितलं होतं.

एका जुन्या लिग्नाइट खाणीच्या ढिगावरून नमुने आले होते. सामू पावणेसातच्या आसपास. मी लिहून दिलं, लावा. पहिल्या पावसाळ्यात शिसू आणि करंज असे फुटले की लोकांनी मला फोटो पाठवले. दुसऱ्या वर्षी मे महिन्यात पानांची टोकं करपली. ऊन फार आहे, काळा ढीग तापतो, असं मीच समजावलं. तिसऱ्या वर्षी मी स्वतः गेले, कुदळीने हातभर खणलं, आणि खाली तीच पिवळी पूड होती. तिथला सामू साडेतीनच्याही खाली. मुलांनी पाणी घालून जगवलेली रोपं होती ती. चूक माझी होती. मी आजचा आंबटपणा मोजला होता, पुढे होणारा मोजला नव्हता.

ताज्या ढिगात पायराइट असतं, पण ते अजून हवेशी भिडलेलं नसतं. म्हणून सामू चांगला येतो. तो आकडा त्या दिवसाचा. ढिगात पुढे किती ॲसिड तयार होऊ शकतं हे वेगळं मोजावं लागतं. त्यासाठी दोन परीक्षा मागा. एक, आम्ल आणि आम्लनाशक यांचा ताळेबंद: नमुन्यात पायराइटचं गंधक किती आणि चुनखडी किती. दुसरी, हायड्रोजन पेरॉक्साइडची: ढिगात जे व्हायला वर्षं लागतात ते पेरॉक्साइड प्रयोगशाळेत एका दिवसात करून दाखवतं, आणि शेवटी सामू साडेचारच्या खाली गेला तर ती माती आम्ल बनवणारी. ही परीक्षा घरी करू नका. त्यातलं पेरॉक्साइड तीव्र असतं, उकळून उडतं.

नमुना एका जागेचा घेऊ नका, ढिगात दर दहा पावलांवर माती बदलते. वरून, एक फुटावरून आणि तीन फुटांवरून वेगवेगळा घ्या.

सॉइल हेल्थ कार्ड काढलं तर चालेल का?

शेतासाठी चालेल. २०१५ मध्ये सुरू झालेल्या या कार्डावर सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र-स्फुरद-पालाश आणि सूक्ष्म अन्नद्रव्यं मिळून १२ गोष्टी येतात. पण त्यात पायराइटचं गंधक नाही, ॲल्युमिनियमही नाही. कार्डावरचं गंधक म्हणजे पिकाला मिळणारं गंधक. दोन्हींची गल्लत होते.

चुना किती टाकायचा?

हिशेब करून पाहू. मातीत पायराइटचं गंधक १ टक्का असेल तर त्यातून होणारं सगळं आम्ल मारायला दर टन मातीमागे ३१.२५ किलो शुद्ध चुनखडी लागते. एक हेक्टरवरच्या फक्त वरच्या १५ सेंटिमीटर थराचं वजन साधारण २,००० टन. म्हणजे ६२ टनांहून जास्त चुनखडी, एकरी सुमारे २५ टन. हे फक्त वीतभर खोलीसाठी. झाडाचं मूळ वीतभर जाऊन थांबत नाही.

आकडा ऐकून संस्थांचे चेहरे उतरतात, मला कळतं. पण ‘खड्ड्यात दोन मुठी चुना’ हा उपाय ढिगासाठी नाही. खड्ड्यापुरतं रोप रुजतं, मूळ खड्ड्याच्या भिंतीला लागलं की वळून आतच फिरत राहतं, कुंडीत फिरतं तसं.

चुना कोणता, हेही महत्त्वाचं. कळीचा चुना आणि विरलेला चुना जलद काम करतात, पण हात भाजतात आणि सामू एकदम उसळतो. चुनखडीची पूड सावकाश आणि टिकून काम करते. आपल्याकडे सगळ्यात सोयीची डोलोमाइटची पूड, छोटा उदेपूरहूनच येते, आणि तिच्यातून मॅग्नेशियमही मिळतं. घरातली पांढरी रांगोळी हातात घेतली तर कल्पना येईल, तीही बऱ्याचदा डोलोमाइटचीच असते. इतकी बारीक पूड हवी. खडे टाकले तर त्यांच्यावर लोहाचा गंज चढतो आणि आतला चुना अडकून पडतो. पूड पसरून ठेवू नका, नांगरून मिसळा, आणि लावणीच्या निदान एक-दोन महिने आधी.

चुन्याऐवजी जिप्सम चालेल? राख? साखर कारखान्याची मळी?

जिप्समने सामू वाढत नाही. गुजरातेत चोपण, म्हणजे सोडियम साचलेल्या अल्कधर्मी जमिनीला जिप्सम देतात, म्हणून लोकांना ते ‘जमीन सुधारण्याचं’ औषध वाटतं. पण चोपण जमीन हा उलटा आजार. आंबट जमिनीत जिप्समचा एक मर्यादित उपयोग आहे: त्यातलं कॅल्शियम खाली उतरतं आणि खालच्या थरातल्या ॲल्युमिनियमचा त्रास थोडा कमी करतं. चुन्याच्या जोडीला ठीक, चुन्याच्या जागी नाही.

औष्णिक केंद्राची राख प्रत्येक ठिकाणची वेगळी. लिग्नाइटच्या राखेत चुना जास्त असतो, दगडी कोळशाच्या राखेत बहुधा कमी. बोरॉन आणि आर्सेनिक तपासल्याशिवाय घेऊ नका.

मळी म्हणजे इथे उसाचा रस साफ करताना उरणारा गाळ. तिच्याबाबत कारखान्याला एक प्रश्न विचारा: रस कार्बोनेशनने साफ करता की सल्फिटेशनने? कार्बोनेशनच्या मळीत चुनखडी भरपूर असते, ती आंबट मातीला उत्तम. भारतातले बहुतेक कारखाने मात्र सल्फिटेशनवाले. त्यांची मळी सामू उचलत नाही, तरी सेंद्रिय पदार्थ म्हणून मोलाची आहे. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगावर मळी, जिवाणू खतं आणि मायकोरायझा बुरशी एकत्र वापरून झाडं उभी केली, ते काम या क्षेत्रातल्या प्रत्येकाने अभ्यासावं.

नुसतं शेणखत भरपूर घातलं तर?

शेणखत विरघळलेल्या ॲल्युमिनियमला धरून ठेवतं, ओल टिकवतं, जिवाणूंना घर देतं. हवंच. पण पायराइट थांबवत नाही.

पायराइट थांबवायचं तरी कसं?

हवा तोडून. हे काम झाडं लावणाऱ्यांचं नाही, खाण चालवणाऱ्यांचं आहे, आणि ते खणतानाच करायचं असतं. आम्ल बनवणारे थर ओळखून वेगळे ठेवायचे, खड्डा भरताना ते सगळ्यात खाली घालायचे, वर निरुपद्रवी माती, त्यावर चिकणमातीचा दाबलेला थर, आणि सगळ्यात वर मूळची सुपीक माती. आपल्याकडे चिकणमाती म्हणून कानमची काळी माती सुचवतात. ती पाणी अडवते खरी, पण मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि त्या भेगांतून हवा सरळ खाली जाते. तिच्यावर दुसऱ्या मातीचा झाकणथर असेल तरच ती उपयोगी.

मूळची वरची माती ही त्या जागेची ठेव आहे. तिच्यात बियाणं असतं, बुरशी असते, गांडुळं असतात. उंच ढीग घालून वर्षानुवर्षं ठेवली तर आतून मरते. ढीग बुटका ठेवा, वर गवत किंवा ताग पेरा, आणि होईल तितक्या लवकर वापरा.

कायद्याने हे बंधनकारक नाही का?

आहे. खनिज संवर्धन आणि विकास नियम, २०१७ नुसार वरची माती वेगळी काढून वापरावी लागते, खाण टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा आराखडा द्यावा लागतो. कोळसा आणि लिग्नाइटसाठी कोळसा मंत्रालयाच्या वेगळ्या सूचना आहेत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये खाणकाम संपलेल्या जागी पुन्हा गवत उगवून देण्याची अट पट्टेदारांवर घालायला सांगितलं, म्हणजे तिथे जनावरं चरू शकतील. झाडं नाही, आधी गवत. मला ते फार योग्य वाटतं.

मग कोणती झाडं लावायची?

पहिल्या वर्षी झाडं लावूच नका, गवत आणि शेंगवर्गीय वेली-झुडपं लावा. वाळा तीव्र आंबटपणा सोसतो, मुळं सरळ खोल जातात, उतारावर समतल ओळींत लावला तर माती धरतो. दीनानाथ गवत लवकर झाकतं. स्टायलो हे शेंगवर्गीय चाऱ्याचं पीक आंबट मातीतही नत्र धरतं. यांनी ढीग झाकला की पृष्ठभाग तापणं कमी होतं. वैशाखात काळ्या ढिगावर अनवाणी उभं राहून बघा, कोवळ्या रोपाच्या देठाला काय होत असेल ते कळेल.

सामू ४-५ च्या मध्ये अडकला असेल तर ऑस्ट्रेलियन बाभूळ जगते, ते खरं. म्हणूनच देशभरच्या ढिगांवर ती दिसते. पण तिचा पाचोळा लवकर कुजत नाही आणि तिच्याखाली दुसरं फारसं काही उगवत नाही. ती लावायचीच तर मधून मधून, तात्पुरती. चुना देऊन सामू साडेपाचच्या वर आणता आला तर शिसू, करंज, खैर, आवळा, सीताफळ, मानवेल बांबू यांची मोठी यादी उघडते. छोटा उदेपूरकडे राठवा आदिवासी कुटुंबांना आधी विचारा. ते मोह आणि पळस सांगतात, आणि ज्या झाडाचा घराला उपयोग आहे त्याला लोक बकऱ्यांपासून राखतात.

बियाणं लावताना शेंगवर्गीयांना रायझोबियम लावा, रोपवाटिकेतच मायकोरायझा द्या. ही बुरशी मुळांच्या पुढे जाऊन स्फुरद आणते.

गांडो बावळ आपोआप येतो. तोच वाढू द्यावा का?

गुजरातीत गांडो बावळ, मराठीत वेडी बाभूळ, दोन्ही भाषांनी त्याला वेडंच ठरवलं आहे. खारट, अल्कधर्मी, कोरड्या जमिनीत तो फोफावतो. ढीग झाकतो, सरपण देतो, हे मान्य. पण एकदा शिरला की आजूबाजूच्या गायरानात पसरतो आणि गवत संपवतो. माझं मत स्पष्ट आहे: मुद्दाम लावू नका, आणि शेजारी गायरान असेल तर काढा.

लावल्यावर किती वर्षं लक्ष ठेवायचं?

निदान पाच पावसाळे. दर वर्षी ऑक्टोबरमध्ये, पाऊस सरल्यावर, पाच-सहा ठिकाणी एक फुटावरचा सामू मोजा. मे अखेर जिवंत झाडं मोजा, जुलैत मोजली तर सगळीच जिवंत दिसतात. पायथ्याच्या पाण्याचा सामू जूनच्या पहिल्या जोराच्या पावसानंतर लगेच बघा, उन्हाळाभर साचलेलं ॲसिड तेव्हाच एकदम बाहेर येतं. आणि जिथे रोप मेलं, तिथे लगेच दुसरं लावू नका. आधी खणा आणि मेलेल्या रोपाचं मूळ बघा.